हॉलमधला चौथा स्विच

वायरमनच्या पिशवीत उरलेले तुकडे कधी संपत नाहीत. वीतभर लाल, बोटभर काळी. फेकवत नाहीत, आणि एखाद्या दिवशी नेमका तोच तुकडा कामाला येतो. ताईचे किस्से माझ्याकडे असेच साठलेत. सोनिवलीच्या साइटवर जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की पोरं म्हणतात, "पप्या, ताईचा एक टाक." मी टाकतो. ताईला जाऊन तीन महिने झाले. सांगता सांगता मी मध्येच गप्प झालो, तर कुणीतरी लोणचं पुढे करतं.

ताई जेनेटिक्सची डॉक्टर. मी नववी नापास, तेही दोनदा. आई म्हणायची, देवाने दोघांची अक्कल एकाच डब्यात भरली आणि तो डबा ताईने आधी उघडला.

*

ताई मुंबईच्या एका लॅबमध्ये उंदरांवर काम करायची. आई सगळ्यांना सांगायची, "पोरगी उंदरांची डॉक्टर हाय." एकदा अंबरनाथच्या शिवमंदिरात दर्शनाच्या रांगेत एका बाईने ताईला गाठलं. म्हणाली, आमच्या किचनमध्ये फार झालेत, एखादं जालीम औषध द्या ना.

ताई म्हणाली, "मावशी, मी उंदीर मारत नाही. त्यांच्या जोड्या लावते आणि पिल्लू पोटात कसं घडतं ते बघते."

बाई गोंधळली. आईने मागे वळून न बघता सांगितलं, "उंदरांची लग्ना लावतं. सोताचा तेवढा जमवीत नाय."

*

या लग्नांमुळे ताईचं कॅलेंडर वेगळं होतं. जोडी लावली की रोज सकाळी बघायचं. जमलं असेल त्या दिवसापासून दिवस मोजायचे. अमुक दिवशी पाय फुटतो, तमुक दिवशी बोटं. तारीख चुकली की सगळं वाया.

चुलतभावाच्या हळदीला असाच एक दिवस आला. आमच्याकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. बँजो लागला, सगळे नाचायला उतरले, आणि ताई भावाला हळद लावून तशीच लॅबला पळाली. तिथे तिच्यासोबत काम करणारा इरफान. मुंब्र्याचा पोरगा, एकदम शिस्तीचा. त्याने तिची पिवळी बोटं बघितली. त्यांच्याकडे एक पिवळं केमिकल असतं, ते सांडलं असं समजून त्याने तिचा हात नळाखाली धरला आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटं सोडला नाही. ताई हसत होती, बोलता येईना. शेवटी म्हणाली, "हळद आहे रे. पुढच्या वेळी जेवायला ये, धुवायला नको."

*

आता माझी चूक. कात्रपच्या आमच्या बिल्डिंगमध्ये आमचा आणि शेजारच्या लालचंदअंकलचा फ्लॅट मीच वायर केला. अंकल मूळचे उल्हासनगरचे सिंधी, कपड्याचं दुकान मुलाच्या हाती देऊन इकडे आलेले. दोन्ही फ्लॅट दोन दिवसांत उरकले. मला घाई फार.

राहायला गेलो त्याच दिवशी आईने हॉलमधल्या बोर्डावरचा चौथा स्विच चालू-बंद करून बघितला. आमच्याकडे काहीच पेटेना. पलीकडून मात्र ओरडा आला. अंकल तोंडाला साबण लावून बसले होते आणि त्यांच्या बाथरूमचा दिवा आमच्या हातात होता. टॉवेलवरच दारात आले. "पुट, बेटा, ये मेरा बाथरूम है कि तुम्हारा?"

मी टेस्टर काढला. ताईने माझा हात धरला. "थांब. स्विच आपल्या भिंतीत, आणि दिवा शेजारच्यांचा?"

"चुकलं गं, पाच मिनिटांत काढतो."

"हात लावू नकोस," म्हणाली, आणि सोफ्यावर बसून राहिली.

*

तिचं काय अडलं होतं ते मला नंतर समजलं. पिल्लाच्या प्रत्येक पेशीत सगळे जीन सारखेच. मग पायाच्या जागी पायच का येतो? कारण जीन चालू-बंद करणारे वेगळे तुकडे असतात. तिला असा एक तुकडा सापडला होता. पण तो ज्या जीनच्या पोटात बसला होता, त्या जीनला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. मग तो कशाला आहे? ताईने मीटिंगमध्ये सांगितलं, हा शेजारच्या जीनचा स्विच असणार. लॅबच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, असं कशावरून?

"माझ्या भावाने असंच वायरिंग केलंय."

सगळे गंभीर झाले. मॅडमनी विचारलं, "भाऊ कुठल्या इन्स्टिट्यूटला असतो?"

"कात्रपला."

*

मॅडमनी सांगितलं, सिद्ध कर. म्हणजे तो तुकडा काढून टाकलेले उंदीर तयार करायचे. त्यांच्या पिल्लांना बोटं आली नाहीत, तर ताई बरोबर. पाच बोटं नीट आली, तर तीन वर्षं पाण्यात. जोडी जमल्यापासून तेराव्या दिवशी कळणार. आई चिडली, तेराव्याला कोण चांगलं बघतं का? ताई म्हणाली, "आमच्यात तेराव्याला बोटं दिसतात."

मधे काही छोटं जमलं की ताई घरी येऊन चौथा स्विच तीनदा दाबायची. पलीकडे दिवा तीनदा लुकलुकला की अंकल पापड भाजून घेऊन यायचे. सिंध्यांकडे पापडाशिवाय आनंद नाही. शेवटी त्यांनीच मला बोलावलं. म्हणाले, बाथरूमला दुसरा दिवा दे आणि बेटीचा दिवा टीव्हीच्या वर आणून लाव. "बाथरूम में बैठके कितना वेट करूँ?"

*

शेवटची जोडी जमल्याचं ताईने सकाळी बघितलं आणि संध्याकाळी तिला ताप भरला. चौथ्या दिवशी ती गेली.

मी रागाने स्क्रूड्रायव्हर घेऊन त्या बोर्डासमोर उभा राहिलो. सगळा बोर्डच उपटणार होतो. आई म्हणाली, "तिला इचारल्याबिगर नको." मग आम्ही दोघं खाली बसलो.

दुसऱ्या दिवशी इरफान आला. बराच वेळ कोपऱ्यात बसला. उठताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "सॉरी भाई, पण उंदरांचे दिवस मोजावे लागतात. मी जाऊ?" आईने ऐकलं. "जा बाबा. तिचा काम खोलंबवू नको."

*

आई एका बाजूने दिवस मोजत होती, इरफान दुसऱ्या बाजूने. उंदरांचा तेरावा आमच्या दहाव्याच्या दिवशीच आला. सकाळी उल्हास नदीवर विधी झाले. दुपारी पाहुणे गेले. संध्याकाळी दारात इरफान, लॅबमधूनच आलेला. मोबाइल माझ्या हातात दिला.

फोटोत दोन इवलेसे पाय. खाली लिहिलं होतं ते इंग्लिशमध्ये, मला वाचता येईना.

"मोज," इरफान म्हणाला.

डावीकडचा पाय साध्या पिल्लाचा. पाच बोटं. उजवीकडचा, तुकडा काढलेल्या पिल्लाचा. पुन्हा मोजला. नुसतं टोक होतं, बोट एकही नाही.

मी उठलो, बोर्डापाशी गेलो आणि चौथा स्विच तीनदा दाबला. दहा दिवसांत त्याला कुणी हात लावला नव्हता. आई माझ्याकडे बघत राहिली.

थोड्या वेळाने दार वाजलं. लालचंदअंकल. एकाच पायात चप्पल, हातात पापडाचं ताट, आणि पापड एका बाजूने करपलेले.

"पास हुई ना बेटी?"

आईने ताटातला एक पापड मोडला. "झाली," म्हणाली.