बिनगव्हाची भट्टी

भट्टी दुरुस्त करणारा माणूस सांगितलेल्या दिवशी येत नाही, हे बेकरीच्या धंद्यात सगळ्यांना माहीत असतं. मिस्त्रींना फोन केला की ते विचारायचे, "पेटतच नाही, की पेटून विझते?" उत्तर काहीही आलं तरी त्यांचं पुढचं वाक्य ठरलेलं असे, "परवा येतो." हा परवा कधी दोन दिवसांनी उजाडे, कधी पाच. पण आले की काम असं चोख करून जायचे की वर्षभर त्या भट्टीकडे बघायला नको. गावात दुसरा मिस्त्री नव्हता असं नाही. एक होता. तो दुरुस्त करून गेला की चार दिवसांनी यांना बोलवावं लागे, एवढंच.

अडतीस वर्षं त्यांनी हेच काम केलं. प्रत्येक भट्टीच्या मागे ते तारेने एक पुठ्ठ्याचं कार्ड अडकवून ठेवत. आपण कधी आलो, आत काय दिसलं, काय बदललं, हे त्यावर लिहीत. कार्डावर कधी खोटं लिहिलं नाही. मालकाने पंखा वर्षभर पुसला नसेल तर तेही तिथे लिहिलेलं सापडे, मग मालक कितीही कुरकुरो.

दुसरी गोष्ट म्हणजे मिस्त्री काही विसरत नसत. त्यांच्या लग्नात एका मेहुण्याने त्यांना "काळ्या हातांचे जावई" म्हटलं होतं. पुढे त्याच्या घराची बेल मिस्त्रींनी आयुष्यात दाबली नाही. तो आजारी पडला तेव्हा भेटायला गेले, पण फाटकापर्यंतच. त्यांची बायको म्हणायची, "यांच्या डोक्याला गंज म्हणून चढत नाही." ती गेल्यावर घरात मुलगा, सून आणि नात उरली. मुलगा सकाळी कामावर जायचा तो संध्याकाळी उगवायचा. त्यामुळे घर खरं म्हणजे तिघांचंच होतं.

नात सात वर्षांची. अंगाने इतकी बारीक की घरात तिला चिमणीच म्हणत. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर दर वाढदिवसाला पेन्सिलने तिची उंची मांडायची पद्धत होती. सातव्या वर्षाची रेघ सहाव्या वर्षाच्या रेघेवरच बसली. पोट दुखायचं, तोंड यायचं, शाळेतून आली की दप्तरासकट जमिनीवर आडवी व्हायची. पुष्कळ औषधं झाल्यावर एका डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, नळी घालून आतडं तपासलं आणि सांगितलं, सिलिअॅक. गव्हात जो चिकटपणा असतो, ज्याला ग्लुटेन म्हणतात, तो हिच्या आतड्याला सोसत नाही. गहू बंद, जव बंद.

"किती दिवस?" मिस्त्रींनी विचारलं.

"आजोबा, कायमचं. आणि थोडंसं चालेल, असं नाही. चिमूटभरही नाही."

सुनेने एका रविवारी स्वयंपाकघराची फाळणी केली. लाकडी पळ्या फेकल्या, जुनी चाळणी शेजारी देऊन टाकली. चिमणीच्या भांड्यांना लाल दोरा बांधला, तिचा डबा वरच्या फळीवर. दुकानात जाऊन ती पाकिटांवरची बारीक अक्षरं वाचत उभी राही आणि मागचे लोक चुळबुळत. मिस्त्री बाहेरून आले की त्यांना दारातच कपडे बदलायला लावी, कारण ते दिवसभर बेकऱ्यांमध्ये वावरून अंगभर पीठ घेऊन येत.

"आता मला उंबऱ्यावरच आंघोळ घाल," मिस्त्री करवादत.

"घातली असती, बाबा, पाण्याला दाब नाही."

पण सगळं सोसूनही चिमणीला एका गोष्टीची आठवण यायची, ती म्हणजे पावाची. मऊ, लोणी लावलेला, मधे बोट दाबलं की परत वर येणारा पाव. तेव्हा मिस्त्रींनी आपल्या जुन्या दोस्ताला गाठलं. हा बेकरीवाला गाल फुगवून बोलायचा, म्हणून शाळेपासून त्याचं नाव फुग्या. त्याच्या बेकरीमागे एक रिकामी खोली होती. मिस्त्रींनी एक छोटी विजेची भट्टी हुडकली, कोरी करकरीत करून त्या खोलीत बसवली. तांदूळ, मका आणि बटाट्याचं सत्त्व असं पीठ ठरलं. ते पीठ, त्याचे ट्रे, त्याचा फडकासुद्धा वेगळा. मिस्त्रींनी कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'या भट्टीत गहू नाही.' फुग्याने पुढे काउंटरवर पाटी लावली, 'बिनगव्हाचा पाव मिळेल.' बघता बघता आणखी पाच-सहा घरांचे लोक येऊ लागले.

तीन महिन्यांनी चिमणीचं रक्त तपासलं, तर दुखणं मोजायचा आकडा निम्म्यावर. डॉक्टरीणबाई हसल्या. मिस्त्री त्या दिवशी दोन पाव जास्त घेऊन आले.

मग हळूहळू दुखणं परत आलं. आधी तोंड, मग पोट. आठव्या महिन्यात तपासलं तर आकडा होता तिथे परत.

"कुठून तरी पोटात जातंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "घरात शोधा."

घरात शोधायचं म्हणजे एकमेकांकडे बघायचं. मिस्त्रींनी सुनेकडे बघितलं.

"चमचे एकत्र धुतेस का?"

"नाही."

"शेजारणीकडे खेळायला जाते तेव्हा?"

"डबा देते बरोबर. आणि बाबा, तुमचा शर्ट परवा पलंगावर कोणी टाकला होता?"

"तो धुतलेला होता!"

"धुतलेल्या शर्टाला खिशात पीठ असतं का?"

मिस्त्रींनी मनात नोंद केली. मग रोज एकेक नोंद वाढत गेली. ते म्हणायचे, "सूनबाईंना फोनवर बोलताना हाताखाली काय आहे ते दिसत नाही." ती म्हणायची, "काहींना दारात थांबायचं म्हटलं की अपमान वाटतो." मुलगा दोघांच्या मधे मान खाली घालून जेवायचा. चिमणी लोणी लावलेला पाव खात दोघांकडे आळीपाळीने बघायची. एकदा तिने विचारलं, "आजोबा, माझ्यामुळे भांडता का?" मिस्त्री म्हणाले, "छे, आम्हाला हौस आहे." त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

एका मंगळवारी सकाळी फुग्याचा फोन आला. छोटी भट्टी गुरगुरते आहे, तापत नाही. मिस्त्री तेव्हा जवळच होते. परवा न म्हणता तासाभरात गेले.

भट्टी भिंतीपासून ओढली. खाली मोटारीचा पत्रा उघडला. हा भाग थंड असतो, मोटारीला वारा लागावा म्हणून तो खोलीतली हवा ओढतो. आत कोपऱ्यात पांढरं पीठ साचलं होतं. पीठ असणारच. पण मिस्त्रींनी ते बोटावर घेतलं आणि थांबले. तांदळाचं पीठ बोटाला खरखरतं. हे रेशमासारखं मऊ होतं.

पाण्याची बाटली काढून त्यांनी तळहातावर चार थेंब टाकले आणि चिमूटभर पीठ मळलं. तांदळाचं असतं तर ते पाण्यात फुटून वाहून गेलं असतं. याची गोळी झाली. गोळी दोन बोटांत ओढली तर तार निघाली, बारीक, पिवळसर, रबरासारखी. मिस्त्री त्या तारेकडे बघत राहिले. डॉक्टरीणबाई ज्याला चिमूटभरही नको म्हणाल्या होत्या, ते हे.

मग त्यांनी पुढचं दार उघडून पंख्याची जाळी काढली. पंख्याच्या पात्यांमागे करपलेला चुरा होता. त्यात तीळ होते. बिनगव्हाच्या पावावर तीळ नसतात. तीळ फुग्याच्या बनवर असतात, गव्हाच्या.

फुग्या दारात उभा होता. त्याचे गाल खाली बसले.

"किती दिवस?" मिस्त्रींनी विचारलं. हाच प्रश्न त्यांनी डॉक्टरीणबाईंनाही विचारला होता.

"अरे, ऐक तर. मोठी भट्टी बिघडली होती ना, आठवतं? तुला फोन केला, तू म्हणालास परवा येतो. बनची ऑर्डर होती. म्हटलं, दोन दिवस इथे भाजू. तू आलास पाचव्या दिवशी."

मिस्त्रींना आठवलं. त्या चार दिवसांत ते चिमणीला घेऊन तपासणीला शहरात गेले होते. तोच, आकडा निम्म्यावर आलेला आठवडा.

"मग मी मोठी भट्टी दुरुस्त केली. तरी बन इथेच?"

"छोटी लवकर तापते रे. सकाळी आधी बन काढायचो, मग फडका मारायचो आणि मग तुमचे पाव. एकत्र कधी केलं नाही! देवाशप्पथ! आणि फडका मारून जे उरतं ते असं किती असणार? इतकंसं." त्याने करंगळीचं टोक दाखवलं.

"कोणता फडका?"

फुग्याने खुंटीकडे बघितलं. खुंटीवर एकच फडका होता.

"म्हणजे तूही थोडा धर ना यात," फुग्या चाचरत म्हणाला. "तू वेळेवर आला असतास तर..."

"चार दिवस माझे," मिस्त्री म्हणाले. "ते मी फेडीन. बाकीचे पाच महिने तुझे."

त्यांच्या डोक्यात त्या क्षणी काय काय आलं, ते त्यांनी नंतर सुनेला सांगितलं. तारा अशा जोडाव्यात की सकाळी पहिल्या घाण्याला कॉइल जळेल. मोठ्या भट्टीचा थर्मोस्टॅट असा फिरवावा की सगळा माल कोळसा. हात पान्याकडे गेलाही. पण अडतीस वर्षांत त्यांनी एकही भट्टी होती त्यापेक्षा वाईट करून सोडली नव्हती, आणि फुग्यासाठी ती सवय मोडायची त्यांना लाज वाटली. शिवाय, ते म्हणाले, जळलेली कॉइल फुग्या दोन दिवसांत विसरला असता.

त्यांनी पंखा उतरवला. काजळीसकट, तिळांसकट. कार्ड तारेवरून सोडवलं, कानामागची पेन्सिल काढली, आणि 'या भट्टीत गहू नाही' याच्या खाली आजची तारीख घालून लिहिलं, 'पंखा उघडला. आत गहू. पाच महिन्यांचा.' कार्ड पंख्याला बांधलं आणि दोन्ही घेऊन ते पुढे दुकानात आले.

सकाळची गिऱ्हाइकं रांगेत होती. मिस्त्रींनी तो काळा पंखा काउंटरच्या काचेवर ठेवला, बरोबर त्या पाटीसमोर. त्यांना भाषण येत नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "बिनगव्हाचा पाव न्यायला आलेत त्यांनी हे कार्ड वाचा."

रांगेत एक बाई होती, पिशवी घेऊन. तिने वाचलं. पुन्हा वाचलं.

"माझा मुलगा पाच महिने पोट धरून झोपतोय," ती म्हणाली. "मी त्याला बोलत होते. म्हणत होते, शाळा चुकवायला नाटकं करतोस."

फुग्या मागून आला. "ताई, असं झालं की, मोठी भट्टी बिघडली, पण मी फडका मारूनच..."

"तुम्ही बोलू नका," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, म्हणून तो जास्त लागला. मागचा माणूस म्हणाला, "फडका मारला की झालं, काय? आमच्या पोरांची पोटं काय ताटं आहेत पुसायला?" मिस्त्री रांगेच्या बाजूने बाहेर पडले. बरं वाटत होतं. इतकं बरं त्यांना पुष्कळ दिवसांत वाटलं नव्हतं.

घरी आल्यावर दारातच त्यांनी न सांगता शर्ट बदलला. सून ओट्यापाशी होती.

"घरातून जात नव्हतं," ते म्हणाले. "मी आणत होतो. पावातून. फुग्याच्या पावातून."

सगळं ऐकून होईपर्यंत ती हातातलं भांडं पुसत राहिली. ते कधीच कोरडं झालं होतं.

"पाच महिने तुम्ही मला बोललात, बाबा."

"बोललो."

"मीही तुम्हाला."

"शर्ट खरंच धुतलेला होता गं."

ती हसली नाही. "पंखा परत बसवलात का?"

"नाही."

"बसवायचाही नाही," ती म्हणाली, आणि डब्यातले उरलेले दोन पाव उचलून कचऱ्यात टाकले. मग पहिल्यांदाच सासऱ्यासाठी स्वतःहून चहा टाकला.

पुढचे तीन महिने घरात बाहेरचा पाव आला नाही. मिस्त्रींनीच घरात बंद पडून असलेला जुना छोटा ओव्हन आतून घासून काढला, त्याची कॉइल बदलली आणि सून तांदळाच्या पिठाशी झुंजत राहिली. पहिले चार पाव विटेसारखे निघाले. "दार आपटू नये म्हणून ठेवू," चिमणी म्हणाली. पाचवा खाण्यासारखा झाला. सहाव्याचे चिमणीने दोन तुकडे मागितले. शहरातून आलेल्या कागदावर आकडा निम्म्याच्याही खाली होता. दाराच्या चौकटीवर, वाढदिवस नसताना, नवी रेघ आली. अडकलेल्या रेघेच्या वर, दोन बोटं.

त्याच आठवड्यात फोन वाजला. मिस्त्री ओव्हनच्या मागे वाकलेले होते, म्हणून सुनेने घेतला. फुग्या होता. मोठी भट्टी पेटून विझत होती. दुसरा मिस्त्री येऊन गेला, त्याने आणखी बिघडवली. माल पडून होता. फुग्याचा आवाज रडवेला झाला होता, तो ओट्यापाशी उभ्या चिमणीलाही ऐकू येत होता.

सुनेने सासऱ्यांकडे बघितलं. मिस्त्री वर आले नाहीत. नुसता हात वर केला आणि दोन बोटं दाखवली.

"परवा येतील," सून म्हणाली, आणि फोन ठेवला.

दोन दिवसांनी फोन पुन्हा वाजला. यावेळी चिमणीच धावली.

"आजोबा परवा येतो म्हणालेत," तिने सांगितलं, आणि पावाचा पुढचा घास घेतला.