दहिसर-मुलुंड-दहिसर, बाबांच्या विजेवरच्या व्हॅनने

आमची जुनी पेट्रोल व्हॅन मी गॅरेजमधून इलेक्ट्रिक करून आणली, तेव्हा बाबांनी दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. ह्याच व्हॅनमधून त्यांनी वीस वर्षं दहिसरची पोरं शाळेत सोडली. "इंजिन काढलंस म्हणजे जीवच काढलास तिचा," एवढंच काय ते म्हणाले. तिसऱ्या दिवशी अट आली. मुलुंडला आत्याकडे जाऊन परत दारात आली तर ठेवायची, नाहीतर रविवारी भंगारवाला. चालवणार अर्थात तेच.

शनिवारी सकाळी आठला निघालो. तुम्हीही जाणार असाल तर ऐका: हायवेने जोगेश्वरी, तिथून लिंक रोडने पवई, मग मुलुंड. तीसेक किलोमीटर, पण सव्वा तास धराच. गॅरेजवाला म्हणालेला, एका चार्जमध्ये सत्तर आरामात. त्याला आमचे बाबा कुठे माहीत! पेट्रोल वाचवायची सवय हाडात मुरलेली. उतार दिसला की गाडी न्यूट्रलवर.

"बाबा, गिअरमध्ये ठेवा ना! उतारावर बॅटरी भरते."

"आता तू मला गाडी शिकवणार?"

त्यात इंजिनाचा आवाज नाही, त्यामुळे माणसं समोरून हलेनात. मग बाबा खिडकीतून डोकं काढून ओरडायचे, "अरे, चालू आहे गाडी!"

मुलुंडला पोचलो तेव्हा बॅटरी अठ्ठेचाळीस टक्के. म्हणजे परतीची वाट लागली. मी आत्याच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून लांब वायर खाली सोडली, गाडीला जोडली आणि निवांत जेवायला बसले. कोळंबीचं कालवण, तांदळाची भाकरी, सोलकढी. झकास! बाबा मध्येच "जरा पाय मोकळे करतो" म्हणून खाली जाऊन आले, तेही मला खटकलं नाही.

तीन तासांनी मी खाली उतरले. अठ्ठेचाळीसच!

"मी काढली वायर," बाबा शांतपणे म्हणाले. "भावाने बहिणीला द्यायचं असतं. तिच्या घरातून न्यायचं नसतं."

आत्या वरून कडाडली, "मेल्या, हातात माझो कालवणाचो डबो आसा, तो काय?"

"डबा परत देता येतो गं ताई. करंट कसा परत देऊ?"

मी कपाळावर हात मारला. पुन्हा वायर जोडू देतील तर ते बाबा कसले! निघालो. येताना मात्र प्रत्येक उतारावर गाडी गुपचूप गिअरमध्ये होती. तरी बोरिवलीला सहा टक्के उरले आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी ठप्प. गेट दीडशे पावलांवर. मला रडूच फुटलं. तीन महिने राबले होते मी ह्या गाडीमागे.

बाबा उतरले. "रडतेस काय? स्टिअरिंग धर."

"तुम्ही बसा, मी ढकलते."

"धर म्हटलं ना!"

सदुसष्ट वर्षांचा माणूस बाह्या सरसावून मागे लागला. कोपऱ्यावरचा पानवाला दुकान टाकून धावत आला, आणि धापा टाकत टाकत गाडी गेटातून आत आली.

तर मंडळी, रस्ता चांगला आहे, आत्याचं कालवण त्याहून चांगलं. फक्त वायर जोडलीत तर शेजारी खुर्ची टाकून बसा. रविवारी बाबांच्या कमरेला बाम चोळताना मी भीत भीत विचारलं, "भंगारवाल्याला काय सांगू?"

"येऊ नको म्हणावं."

"पण बाबा, ती स्वतःहून नाही आली. ढकलून आणली आपण."

"मग? वीस वर्षं तिने आपलं घर ओढलं. एक दिवस मी तिला ढकललं, तर काय बिघडलं?"