अड्याळची पोरगी ट्रॉलरवर

गेल्या रविवारी अड्याळला भाचीकडे जेवायला गेले, तर ताटात चक्क रावस! आता म्हणे आमच्या भंडारा जिल्ह्यातही समुद्रातला मासा बर्फात पॅक होऊन येतो... पहिला घास घेतला आणि मी थेट ऐंशीच्या दशकात, एका हेलकावणाऱ्या डेकवर जाऊन पोचले.

आमचं घर अड्याळचंच. बाबा तलावात डोंगा घालून मासे धरायचे, आई ते बाजारात विकायची. मी नागपूरला झूलॉजी शिकले आणि मुंबईला समुद्री माशांच्या सर्वेक्षणात नोकरीला लागले. संशोधनाच्या ट्रॉलरने ठरलेल्या जागी जाळं ओढायचं आणि कुठे कुठला मासा आहे, केवढा आहे, हे तपासायचं, असं ते काम.

पण बोटीवर जायचे फक्त पुरुष. आम्ही बायकांनी किनाऱ्यावर बसून त्यांनी आणलेले मासे मोजायचे... मी सारखी मागे लागले होते. शेवटी एका फेरीच्या वेळी जाणारे सहकारी तापाने पडले आणि साहेब वैतागून म्हणाले, "जा. पण तुम्हाला झेपलं नाही, तर पुन्हा कुठल्या बाईचं नाव माझ्यापुढे आणायचं नाही."

म्हणजे ऑफिसातल्या सगळ्या बायकांचं भवितव्य माझ्या एकटीच्या पोटावर! आणि पोटाने बंदर सुटताच दगा दिला... एका हाताला बादली, दुसऱ्या हाताला मासे मोजायची फळी. ओकायचं, तोंड पुसायचं, पुन्हा जाळ्याची वाट बघायची.

मासे तरी कुठे होते म्हणा! पहिल्या जागी जाळं वर आलं ते चिखल आणि चार खेकडे घेऊन. दुसऱ्या जागीही तेच. खलाशी माझ्याकडे बघून आपसात कुजबुजायला लागले. बाई बोटीवर चढली की जाळं रिकामं येतं, असं त्यांच्यातला एक जण मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला.

मी खाली मान घालून खेकडे मोजले. पण त्या रात्री उशी ओली झाली, हे आज सांगायला हरकत नाही.

सकाळी तिसऱ्या जागेकडे निघालो. मी कप्तानांजवळ एको साउंडरसमोर उभी होते. हे यंत्र आवाज पाण्यात सोडून खाली काय आहे ते कागदावर रेघांनी उमटवतं... अचानक तळालगत काळा, जाड उंचवटा उमटायला लागला.

"खडक," कप्तान म्हणाले. ते कोकणातले, वयाने मोठे, बोलणं अगदी तुटक. "इथे जाळं टाकायचं नाही. फाटेल. ही जागा सोडून पुढे जाऊ."

माझ्या डोक्यात मात्र कालची संध्याकाळ घोळत होती. आम्ही याच जागेवरून गेलो होतो आणि तेव्हा कागदावर तळ सपाट आला होता. मी तेव्हाही तिथेच उभी होते.

"कप्तानसाहेब, काल इथे काहीच नव्हतं. खडक रात्रीतून उगवत नाही... हा मासा आहे."

ते माझ्याकडे वळले. "आणि जाळं फाटलं तर?"

"तर मी पुन्हा कधी बोटीवर पाय ठेवणार नाही."

कप्तानांनी कालचा कागद उलगडून आजच्या शेजारी धरला. दोन्हींच्या रेघांवरून बोट फिरवलं. मग खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडले, "जाळं सोडा रे!"

पुढचा वेळ कसा गेला ते विचारू नका. विंच फिरायला लागली, दोर ताणला, करकरला... मला वाटलं, अडकलं! संपलं सगळं! तेवढ्यात बोटीमागे पक्ष्यांचा एकच कल्लोळ उठला आणि जाळ्याची खोळ फुगून पाण्यावर आली. नुसती चांदी!

डेकवर रावसांचा ढीग पडला. गळ्याखाली दोऱ्यांसारखे तंतू असलेले, हातभर लांबीचे रावस... मधूनमधून घोळ, सुरमई. काल टोमणा मारणारा खलाशीच टोपल्या घेऊन धावत आला आणि म्हणाला, "मॅडम, आधी कुठले मोजू?" मी हसत सुटले. उलटी, चक्कर, सगळं कुठल्या कुठे गेलं होतं. दिवसभर आम्ही मासे निवडले, मोजले, तोलले.

बंदराला लागल्यावर कप्तानांनी साहेबांना एवढंच सांगितलं, "पुढच्या फेरीला ह्यांनाच पाठवा." साहेबांनी पाठवलं. आणि त्याच्या पुढच्या फेरीला माझी मैत्रीणही गेली!

सुट्टीत घरी आले, तर बाबा मला थेट तलावाच्या पाळीवर घेऊन गेले. तिथे मासेमार सोसायटीची सभा चालू होती. सगळी गडीमाणसं. एक जण म्हणाला, "इथं पोरीचं काय काम हाये गा?"

"माही पोरगी समुद्रातून मासोरी काढून आली," बाबा म्हणाले. "थे सांगन आन् तुमी आयकान. बस बाई, समोर बस."

मी बसले आणि बोलत सुटले. विंच, एको साउंडर, माशाच्या कानातल्या खड्यावरून त्याचं वय कसं ओळखतात ते... बाजारातून परतणाऱ्या बायका टोपल्या घेऊन मागे थांबल्या होत्या. मग एकेक करत पुढे येऊन चक्क माझ्याजवळ बसल्या.

त्यातल्या एका मावशीने हळूच विचारलं, "काय वो बाई, त्या जहाजावर बायकाइले घेतेत काय?"

नंतर आयुष्यात किती सभांमध्ये बोलले, किती ठिकाणी सत्कार झाले. पण त्या संध्याकाळी मान ताठ करून जे उत्तर दिलं, त्याची सर कशालाच नाही. ते देता आलं, याबद्दल बाबांची आणि त्या तुटक बोलणाऱ्या कप्तानांची मी जन्मभराची ऋणी आहे...

"आता घेतेत, मावशी."