दौलतभाऊंची राहती दुरुस्ती

दौलतभाऊ कुणाच्याही घरात शिरले की भिंतीचा तडा पाहायच्या आधी विचारत, "चूल कुठी हाये?" घरात गॅसची शेगडी असली तरी त्यांच्या लेखी ती चूलच. मग माणसं कुठे निजतात, म्हातारं माणूस कोणत्या दारानं बाहेर जातं, पोरं अभ्यासाला कुठे बसतात, हे सगळं विचारून झालं की मग भिंतीला हात. मी हातात टेप घेऊन ताटकळत उभी. मनात म्हणायची, हा मिस्त्री आहे की शिरगणतीवाला?

चंद्रपूरच्या जुन्या परकोटाला, म्हणजे तटाच्या भिंतीला, पाठ लावून बसलेली ती अकरा घरांची गल्ली. मातीच्या भिंती, सागाच्या बल्ल्या, वर कवेलू, म्हणजे कौलं. गल्लीचं जुनेपण राखून दुरुस्ती करायचं काम निघालं होतं आणि मी त्यावरची इंजिनिअर. माझ्या कागदावर पहिलंच वाक्य होतं, घरे सहा महिन्यांसाठी रिकामी करावीत. लोकांनी तोवर गावाबाहेर टिनाच्या शेडमध्ये राहायचं. हे वाक्य मी काही विचार करून लिहिलं नव्हतं. आधीच्या एका कामाच्या कागदावरून जसंच्या तसं उचललं होतं. आमच्याकडे असंच चालतं.

दौलतभाऊंचं स्वतःचं घरही त्याच गल्लीच्या टोकाला. उभा जन्म मिस्त्रीकाम केलेला माणूस. त्यांनी ते वाक्य माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाले, "बाई, दरसाल पान्याच्या आधी कवेलू फेरतो आमी. अख्खं छप्पर उघडं पडते. तवा कोन घर सोडून जाते?"

खरंच होतं. नागभीडला आमच्या घरी बाबा वर कवेलू फेरत आणि आई खाली भात रांधत असे. भातात कचरा पडला म्हणून दोघांचं वाजायचं, पण घर सोडायचं कुणाला सुचलं नव्हतं. मला राग आला, आणि तो त्यांचा नव्हता, माझा स्वतःचाच होता.

"छप्पर वेगळं, भिंत वेगळी," मी तरी म्हटलंच.

"मंग एक घर करून पाहू ना. एकदा मानसं टिनाखाली गेली, का वापस कोन येते अन् कोन नाई, याची हमी तुमी देता का?"

हमी मी कुठून देणार? गल्लीत निम्म्या लोकांकडे घराचा धड कागद नव्हता. माझ्या वरच्या साहेबांना गळ घातली तेव्हा एका घरासाठी एक महिना मिळाला. जमलं तर अकराही घरं माणसांसकट दुरुस्त होणार, नाही तर शेड.

मला वाटलं, भाऊ धडधाकट घर निवडतील. त्यांनी निवडलं रुखमाबाईचं. गल्लीतलं सगळ्यात खिळखिळं, आणि तिचा नवरा किसनभाऊ अर्धांगानं खाटेवर. मी डोक्याला हात लावला.

"सोपं घर करून सायबाले दाखवलं, तर अवघड घरवाले शेडमंदीच जातीन," भाऊ म्हणाले.

एक भिंत धरायची, बल्ल्यांचे टेके देऊन छप्पर तोलायचं, जुनी माती उतरवायची, नवी चढवायची. भिंत बदलली की खाट दुसऱ्या कोपऱ्यात. किसनभाऊ पडल्या पडल्या मुकादम झाले. "दौलत, ओळंबा पाह्य, वाकडी करून राह्यला तू." वर्षभरात नवरा एवढा बोलला नव्हता, असं रुखमाबाई सांगायची.

परकोटाकडची चौथी भिंत उकरली आणि घात झाला. वाळवीनं आतून पार पोखरलेली. टेका देऊनही छपराचा भरवसा नव्हता. साहेब चार दिवसांनी पाहणीला येणार होते. मी हळूच सुचवलं, ही भिंत पाहणी झाल्यावर काढू.

भाऊंनी मलाच विचारलं, "अन् पडली तर? मानूस निजला हाये तिथी." त्याच दुपारी त्यांनी खाट, भांडीकुंडी, भिंतीवरची बुद्धाची तसबीर, सगळं आपल्या घरी हलवलं.

साहेब आले, रिकाम्या घरात डोकावले. "म्हणजे घर सोडावंच लागलं की." मला वाटलं, आता अकराही घरं गेली.

"हो जी, लागलं," दौलतभाऊ सरळ म्हणाले. "चला, कुठी गेले ते दाखवतो."

वीस-पंचवीस पावलांवर त्यांच्याच घरात रुखमाबाई भात वाढत होती. खाटेवरून किसनभाऊंनी विचारलं, "भित झाली का?" साहेबांनी चहा घेतला, कागद मागितला आणि माझं पहिलं वाक्य स्वतःच्या पेनानं खोडलं.

तेव्हापासून भाऊंचं घर गल्लीचं पाहुणघर झालं. ज्याची भिंत धोक्याची निघाली, तो आठ-दहा दिवस तिकडे. दहा घरं झाली. स्वतःच्या घराचं विचारलं की म्हणत, "माह्यं शेवटी. पाहुने उठले का मंग." शेवटचे पाहुणे उठले आणि मागच्या हिवाळ्यात भाऊच गेले. त्यांच्या घराची भिंत तशीच राहिली. त्या माणसासाठी आपण वेळेवर काही केलं नाही, याची मला अजून लाज वाटते.

उन्हाळ्यात त्यांचेच सोबती त्या घराचं काम धरणार होते. सुमनबाईंची, म्हणजे भाऊंच्या पत्नीची, सोय लावायला मी गेले, तर अंगणात दहा घरच्या बाया जोरजोरात भांडत होत्या. प्रत्येकीला सुमनबाई आपल्याकडेच हव्या होत्या. "एकीकडं गेली तर नऊ जनी रुसतीन," त्या मला म्हणाल्या. शेवटी ठरलं, निजायला रुखमाबाईकडे, जेवायला रोज नव्या घरी.

मी म्हटलं, "महिन्याभरात तुमचं घर हातात देते, बाई."

"घाई नोका करू," त्या म्हणाल्या. "भित चांगली सरळ होऊ द्या. मले कुठी जाचं हाये?"