म्हस्कूची लॅटिन भाकणूक

पणदऱ्याचा म्हस्कू रोज बारामतीला दूध घालायला जायचा. त्या रतिबात एक घर निवृत्त फादर साळव्यांचं. फादरांना लॅटिन येत होतं आणि ऐकायला कोणी नव्हतं. म्हस्कूला ऐकायची हौस होती आणि घाई कधीच नव्हती. झालं, जमली जोडी. त्र्याण्णव सालच्या थंडीत धडा भविष्यकाळावर आला आणि गडी पार येडावला. कांताबो, कांताबिस, कांताबित. मी गाईन, तू गाशील, तो गाईल. मोटारसायकलवर हेच, गोठ्यात हेच. त्या ठेक्यावर म्हशी पान्हा सोडतात, असं तो छातीठोक सांगायचा. थापाच त्या, पण ऐकायला मजा यायची.

भविष्यकाळाच्या या येडाला कारण होतं. बिरोबाच्या जत्रेत भाकणूक सांगायची, म्हणजे येत्या वर्षी पाऊसपाणी कसं ते देवापुढं बोलायचं, हा मान त्यांच्या घराचा. यंदा वडलांचा, गेणबाचा, घसा दुखण्यानं गेला होता आणि डॉक्टर काही बरं बोलत नव्हते. म्हस्कूला जमलं नाही तर मान चुलतभावाकडे, सर्जेरावाकडे जाणार. म्हातारा त्या धास्तीनंच अर्धा झाला होता.

जत्रेत ढोल थांबले. म्हस्कू घोंगडी घेऊन उभा राहिला आणि घोकलेलं सगळं विसरला. सर्जेराव लगेच पुढं सरकला, तो बरा थांबेल. तेवढ्यात म्हस्कूच्या तोंडून सुटलं, "कांताबो, कांताबिस, कांताबित."

ढोलवाल्याला ठेका सापडला, त्यानं थाप दिली. "कांताबिमुस, कांताबितिस, कांताबुंत." भंडारा उधळला, गजी नाचणारे धनगर नाचायला लागले, बायकांच्या अंगात आलं. त्या गलक्यात म्हस्कूला आपली बोली आठवली, "पाऊस पडंल, शाळू पिकंल, मेंढरं वाढतील." मी देवाधर्माचा माणूस नाही, पण मीही नाचलो. टोपी कुठं गेली ते कळलं नाही.

सगळं उरकल्यावर गेणबानं लेकाला जवळ ओढलं. आवाज कुजबुजीपुरताच उरला होता.

"कुठली बोली रं ती?"

"लॅटिन, आबा. फादर म्हनत्यात, देवाला कळती."

"मग तिच्यात माजं सांग."

"विवेस," म्हस्कू म्हणाला.

"म्हंजी?"

"तुमी जगाल, आबा."

म्हातारा खुदकन हसला. घरी पोचेपर्यंत तो लेकाकडून तो शब्द पुन्हा पुन्हा म्हणवून घेत होता, आणि म्हस्कू रडत रडत म्हणत होता.