इंजिनाखालचं रबर

बाबांच्या पिकअपला दुसरं इंजिन बसवायला मला अडीच महिने लागले, आणि त्यातला निम्मा वेळ बाबांशी भांडण्यात गेला.

पिकअप १९९९ सालची. घरचं आणि दुसऱ्यांचं धान मिलवर न्यायचं, नवेगाव बांधची मासळी बाजाराला पोचवायची, असं सगळं बाबा तिच्यात करायचे. शेत मी पाहायचो, सडक अर्जुनीचं खत-बियाण्याचं दुकानही मीच पाहायचो. बाबांचं जग म्हणजे ती केबिन. बारा वर्षांनी इंजिनच्या ब्लॉकला तडा गेला आणि गाडी अंगणात उभी राहिली. आठ दिवसांत बाबांचं जेवण निम्म्यावर आलं. सकाळी उठून ते बंद गाडीत जाऊन बसायचे, स्टिअरिंगवर हात ठेवून. आई मला म्हणाली, "गाडी नाई चालली तं हा मानूस खाटीले लागंन. काईही कर." म्हणून मी या भानगडीत पडलो. मला गाडीचं काही पडलेलं नव्हतं. बाबा पुन्हा गाडीवर बसावेत, एवढंच हवं होतं.

गोंदियाच्या मेकॅनिकनं तोडगा काढला. पिकअपचं जुनं इंजिन मिळणं कठीण, पण एका मोडीत निघालेल्या प्रवासी गाडीचं इंजिन त्याच्याकडे होतं. जास्त ताकदीचं, डिझेल कमी पिणारं. मी खुशीत घरी येऊन सांगितलं, तर बाबांनी तोंड फिरवलं.

"मले नाई पायजे."

"काऊन?"

"अपघाताची गाडी असंन."

अपघाताची नव्हती. मग म्हणे पिकअपला प्रवासी गाडीचं इंजिन शोभत नाही. मग म्हणे त्याचा रंग निळा आहे. इंजिनाचा रंग कोण पाहते बाप्पा! बोनट उघडून मिरवायचं होतं का? रोज नवं कारण. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. ज्या माणसासाठी मी दुकान सोडून धावत होतो, तोच खोडा घालून बसलेला.

दुसरा ताप आईचा. बाबा गाडी काढायचे तेव्हा आई मधल्या सीटवर असायचीच. दहा वर्षांत तिनं त्यांना एकटं जाऊ दिलं नव्हतं. कंबर दुखते म्हणून रात्री तेल चोळून घ्यायची आणि सकाळी पुन्हा धक्के खायला तयार. "घरी बस ना, कायले जातं?" मी किती वेळा ओरडलो असेन. "मी नाई गेली तं कोन जाईन?" एवढंच तिचं उत्तर. आता हे काय उत्तर झालं?

शेवटी मी बाबांना न विचारता पिकअप टो करून गोंदियाला नेली. तिथं वेगळंच रामायण. नवं इंजिन चार बोटं लांब निघालं. पंखा रेडिएटरला घासायला लागला, म्हणून रेडिएटर पुढे सरकवला. रेडिएटर पुढे गेला तर जाळी बसेना. चाकांकडे जाणारा शाफ्ट तोकडा पडला, तो लेथवर नेऊन वाढवून आणला. मेकॅनिक दर रविवारी म्हणायचा, "बस भैया, अगले इतवार को ले जाना." कागदावर इंजिन नंबर बदलून घ्यायच्या चकरा त्या वेगळ्या. माझ्या नाकी नऊ आले.

आणि बाबा? नको नको म्हणणारे बाबा दर रविवारी माझ्याबरोबर यायचे, जुन्या टायरवर बसायचे आणि एकच प्रश्न विचारायचे.

"हे थरथरते का बे?"

मेकॅनिकला वाटायचं, म्हातारा तक्रार करतोय. तो छाती फुगवून, बाबांच्या अगदी तोंडासमोर येऊन सांगायचा, "चाचा, फाउंडेशन का रबर एकदम नया डाला है. बोनट पे चाय रख दो, छलकेगी नहीं." फाउंडेशन म्हणजे इंजिन ज्यावर टेकतं ते रबराचे गट्टे. हे ऐकून दुसऱ्या कुणाला आनंद झाला असता. बाबा उठून रस्त्याकडे जाऊन उभे राहिले. मला वाटलं, उचलावा पाना आणि घालावा आपल्याच डोक्यात.

गाडी तयार झाली. ती आणायला आईही आमच्याबरोबर आली. बाबांनी चावी फिरवली, इंजिन एका दमात चालू झालं. गोड आवाज. बाबांनी पुन्हा सेल्फ मारला. कर्रर्र! चालू इंजिनवर सेल्फ मारला की दाते दात्यांवर घासतात, तो आवाज ऐकून अंगावर काटा येतो. "चाचा, चालू है! चालू है!" मेकॅनिक खिडकीशी धावला. बाबांनी तिसऱ्यांदा मारला.

घरी येताना तर कहर. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन किंचाळतंय आणि बाबा आपले निवांत. "गिअर टाका ना!" मी ओरडत होतो. मधे बसलेली आई मला म्हणाली, "तू चूप बस." चौथ्या दिवशी सेल्फचे दाते तुटले. बाबांनी चावी खुंटीला अडकवली.

"इकून टाक. माह्यानं नाई होत आता."

मी खूप बोललो. बोलू नये ते बोललो. तुम्हाला मुद्दाम माझं काम पाडायचं होतं, असंही म्हणालो. बाबा माझ्या तोंडाकडे पाहत राहिले आणि मग खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले.

मेकॅनिकला बोलावून सेल्फ दुरुस्त करून घेतला. गाडी काढून दाखवावी म्हणून मी आत बसलो, बाबांना जबरदस्तीनं अंगणात आणलं. ते बोनटपासून दोन पावलांवर उभे. मी इंजिन चालू केलं, बोनटवर धूळसुद्धा हलली नाही. मी त्यांच्याकडे पाहत थांबलो, काही बोलतील म्हणून. ते माझ्याकडे पाहत थांबले.

"लाव ना सेल्फ," बाबा वैतागून म्हणाले. "वाट कायची पाहून राहिला?"

इंजिन चालू होतं.

माझा हात चावीवर तसाच राहिला. मी आईकडे पाहिलं. ती दारात उभी होती.

"तुले ठाऊक होतं?"

"मले कवाचंच ठाऊक हाये," आई म्हणाली. "तोंड पाहून समजते त्याले बोलनं. दूरचं, मागचं काईच नाई. तुले सांगू नोको म्हने. पोरगा गाडी काढून घेईन म्हने."

आणि मी काढून घेतलीच होती की. जुनं इंजिन साऱ्या गाडीला हलवून सोडायचं. ते थरथरणं बाबांच्या तळहाताला, बुडाला कळायचं. चालू झाली, दमली, आता गिअर मागते, हे सगळं त्यांना हातानं समजायचं. मी हौसेनं नवं रबर घालून त्यांचं ऐकणंच बंद केलं. मला इतकी लाज वाटली की गाडी बंद करायचंही सुचलं नाही.

पुढच्या रविवारी मी गोंदियात. "रबर काढ आणि लोखंडाच्या पट्ट्या टाक. इंजिन सीधा चेसिसवर बसव."

मेकॅनिकनं कपाळावर हात मारला. "भैया, लोग डलवाने आते हैं, तुम निकलवाने आए? नट-बोल्ट सब ढीले हो जाएंगे!"

"होऊ दे."

तो खरं बोलला होता. आजवर किती नट पडले, सायलेन्सर किती वेळा लोंबकळला, मोजदाद नाही. दर दोन महिन्यांनी गाडी त्याच्या दारात, आणि तो मला हिंदीतून आणि मी त्याला मराठीतून शिव्या देतो.

पण त्या दिवशी गाडी अंगणात आणली तेव्हा बाबा चढले. चावी फिरवली. केबिन हादरली, आरसा खडखडला, माझे दात वाजले. बाबांनी चावी लगेच सोडली. तळहात गिअरच्या गोळ्यावर ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला.

"हां," म्हणाले. "आता हाये."

आई नेहमीसारखी मधे चढली, मी दाराशी. हायवेला लागलो तसा मागून एका ट्रकनं जोरात हॉर्न मारला. आईनं बाबांच्या गुडघ्यावर दोन बोटं टेकवली. बाबांनी गाडी डावीकडे घेतली आणि ट्रक पुढे निघून गेला.