शर्करेचा प्रवास आणि रिकामा पुडा

माझ्या मुलीच्या साखरपुड्याची साखर मी वाटून संपवली. तीही मुहूर्ताआधी.

हेतू शैक्षणिक होता. मी कोल्हापुरात जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं. समोर चार माणसं गप्प बसली, की मला तास सुरू झाल्यासारखं वाटतं. त्या दिवशी गुरुजींना उशीर झाला होता आणि कागलचे पाहुणे आमच्या हॉलमध्ये गप्प बसले होते. प्राजक्ताच्या होणाऱ्या सासऱ्यांनी, आप्पांनी, सोनेरी कागदातला साखरेचा पुडा माझ्या हातात दिला.

"धरा जरा, सर. गाडी नीट लावून येतो."

तेवढ्यात मुलाच्या मामांनी चहा नाकारला. "नको. मला शुगर हाय."

झालं!

"शुगर हा शब्द मूळचा आपलाच बरं का!" मी उभा राहिलो. "आपली शर्करा इराणात गेली, तिची शकर झाली. तुम्ही इराण!" आणि पुडा सोडून मामांच्या तळहातावर साखर ओतली. (शब्द हातोहात कसा गेला, ते दाखवायला नको?) "अरबांनी केलं सुक्कर. मामी, तुम्ही अरबस्तान!"

"मास्तर, आमी ऱ्हायलो की!" मागून एक काका ओरडले. त्यांना लॅटिन दिलं. मग फ्रान्स. फ्रान्समध्ये मंडळी फार होती! इंग्लंडला पोचलो, तेव्हा पुड्यात फक्त कागद उरला होता.

आणि गुरुजी आले. "पुडा द्या."

"रिकामा पुडा पोरीच्या ओटीत?" अरबस्तान कडाडलं. "अपशकुन हाय ह्यो! आज न्हाय जमायचं!"

प्राजक्ताचे डोळे भरले. 

"अगं, घरातली साखर आण!" मी बायकोला म्हणालो.

"बासुंदीत घातली की सगळी!"

इतक्यात आप्पा आत आले. सगळं ऐकून खो खो हसले. "अवो, गुऱ्हाळवाल्याची सून होणार ही! साखर कशाला पायजे?" त्यांनी आमच्यासाठी आणलेली गुळाची ढेप गाडीतून काढली आणि फोडून पुडा भरला. गुरुजींनी मान डोलावली, मामी निवल्या, प्राजक्ता हसली. मला आप्पांच्या पाया पडावंसं वाटलं.

सगळं पार पडल्यावर आप्पांनी सहज विचारलं, "सर, गुळाला इंग्रजीत काय म्हणत्यात?"

जॅगरी! तीही शर्करेचीच लेक, पोर्तुगिजांच्या घरून गेलेली! मी उभा राहिलो. उरलेल्या ढेपेकडे माझा हात गेला.

बायकोनं ढेप पदराखाली ओढली.

"आप्पा," ती म्हणाली, "ह्यांना इंग्रजी येत न्हाय."

मी खाली बसलो.